रानम्हैस आणि आपली शाळा

(तालुका प्राथमिक शिक्षक संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'रानम्हैस' असा छापलेला पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. शिक्षण विस्तार अधिकाऱ्याने बोलावे ते पटनोंदणीविषयी, गळतीविषयी, वाचनलेखनाविषयी. रानातल्या जनावराशी त्याचा काय संबंध, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे निरसन आरंभीच केलेले बरे.

काही वर्षांपूर्वी आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका शाळेची मी तपासणी करीत होतो. भिंतीवर शिक्षकांनी स्वतः तयार केलेला प्राण्यांचा तक्ता होता. मेहनत चांगली घेतलेली होती. परंतु 'रानरेडा' या नावाखाली चित्र होते ते गव्याचे. ती चूक मी शिक्षकांच्या नजरेस आणून दिली खरी, परंतु मनातून मला संकोच वाटला. कारण मी स्वतः शिक्षक असताना कित्येक वर्षे हीच चूक मुलांना शिकविली होती. गवा म्हणजेच रानरेडा, असे कोणाकडून तरी ऐकले, तसेच फळ्यावर लिहिले, आणि मुलांनी तसेच वहीत उतरवून घेतले.

चूक दुरुस्त करावी म्हणून मी वर्गाला सांगितले की, रानम्हैस हा गव्याहून निराळा प्राणी आहे, तो आपल्याच जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात मोजक्या संख्येने उरला आहे आणि त्याचे रक्षण झाले पाहिजे. तेव्हा मागच्या रांगेतला सातवीतला एक मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरी म्हशी आहेत. साऱ्या गावात म्हशी आहेत. मंग जंगलातली नाही राहिली त कोणाचं काय बिघडते?"

मुलाच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच विचारावयाचे होते. मी काही तरी बोललो. निसर्गाचा समतोल वगैरे शब्द वापरले. परंतु ते उत्तर नव्हते, हे त्याच्या आणि माझ्याही लक्षात आले. त्यानंतर या विषयाचे मी जमेल तसे वाचन केले, वनखात्यातील व पशुसंवर्धन खात्यातील जाणकारांना प्रश्न विचारले. त्यातून जे हाती आले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे. कारण तो प्रश्न उद्या आपणांपैकी कोणाच्याही वर्गात उभा राहू शकेल.

प्रथम ओळख. रानम्हशीला शास्त्रज्ञ 'बुबालस आर्नी' असे म्हणतात. गाय-म्हैस-वर्गातील अतिशय बलदंड प्राण्यांत तिची गणना होते. पूर्ण वाढलेल्या रानरेड्याचे वजन एक हजार किलोच्या पुढे जाऊ शकते. शिंगे मुळाशी रुंद, चपटी, वळ्यावळ्यांची आणि मागे व बाजूला पसरलेली असतात. मोठ्या जनावराच्या शिंगांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे दोन मीटर भरतो. आज हयात असलेल्या शिंगाळू जनावरांत एवढा पसारा दुसऱ्या कोणाचाही नाही. गव्याची शिंगे वर वळतात, त्याच्या पाठीवर खांद्यापासून निघालेला उंचवटा असतो आणि तो सहसा चिखलात लोळत नाही. रानम्हशीला मात्र गवत, पाणी आणि चिखल या तीन गोष्टी लागतातच. पायांच्या रंगावरून दोघांची ओळख पटवू नये. गव्याचे पाय खालच्या बाजूस पांढरे असतात, तसे रानम्हशीचेही मळकट पांढुरके असतात. शिंगे आणि पाठ पाहावी, म्हणजे चूक होणार नाही.

माद्या व पारडी यांचा कळप असतो आणि त्याचा पुढाकार बहुधा एखाद्या वडीलधाऱ्या मादीकडे असतो. नर वयात आले की वेगळे होतात, आणि माजाच्या काळात कळपाजवळ येतात. मादी दहा-अकरा महिने गाभण राहते व तिला एका वेळी एकच पारडू होते. दोन वेतांमध्ये साधारणतः वर्षाहून अधिक अंतर पडते. हा तपशील ध्यानात ठेवावा. ज्या प्राण्याची वाढ इतकी सावकाश होते, त्याची एकदा हानी झाली म्हणजे ती भरून येण्यास माणसाचे अर्धे आयुष्य जाते.

आता आपल्या गोठ्यातील म्हशीकडे वळू. पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी, मुऱ्हा, या साऱ्या जातींचे मूळ या रानम्हशीतच आहे. आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी तिला माणसाळविले. मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेल्या मुद्रांवर म्हशीची आकृती कोरलेली आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणास रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची कथा आपण मुलांना सांगतो, महिषासुरमर्दिनीची मूर्ती दाखवितो, गावाच्या शिवेवरील म्हसोबास नारळ फोडतो. आपल्या दुधात, शेतीत, देवादिकांत हे जनावर आहे. मूळ रानम्हैस मात्र आपल्या स्मरणातून इतकी गेली की, तिचे नाव आपण गव्याला देऊन बसलो.

एके काळी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मैदानांपासून मध्य भारतातील नद्यांच्या खोऱ्यांपर्यंत आणि पूर्वेस थेट आग्नेय आशियापर्यंत रानम्हशींचे कळप होते. आज जगात सर्व मिळून त्यांची संख्या चार हजारांच्या आत आहे असे तज्ज्ञ मानतात, आणि त्यांतील बहुसंख्य आसामात, काझीरंगा, मानस यांसारख्या ठिकाणी आहेत. नेपाळात कोशी नदीच्या काठी, भूतानात, थायलंडात व कंबोडियात थोड्या आहेत. बांगलादेशातून तर त्या नाहीशाच झाल्या. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८६ सालापासून त्यांची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत केली आहे.

मध्य भारतात जे थोडे अवशेष उरले ते छत्तीसगडातील उदंती व इंद्रावतीच्या परिसरात, आणि इंद्रावतीच्या अलीकडे आपल्या सिरोंचा वनविभागातील कोलामार्का येथे. महाराष्ट्रात रानम्हैस आहे ती एवढ्या एकाच ठिकाणी. शासनाने २०१३ साली कोलामार्काचे सुमारे १८० चौरस किलोमीटर क्षेत्र 'संवर्धन राखीव' म्हणून घोषित केले. नदी ही दोन राज्यांची सीमा असली तरी जनावरांस ती सीमा ठाऊक नसते; पाणी उतरले म्हणजे ती ये-जा करतात. म्हणून आपला कळप आणि पलीकडचा कळप यांचे भवितव्य एकमेकांत गुंतलेले आहे. पलीकडील रानांत दीर्घकाळ अशांतता राहिल्यामुळे तेथील जनावरांची नीट गणना वर्षानुवर्षे होऊ शकली नाही, हीही एक अडचण आहे.

ही अवस्था कशाने आली? कारणे पाच आहेत. ती एकेक पाहू.

पहिले कारण शिकार आणि जंगलतोड. त्याविषयी फार बोलण्याची आवश्यकता नाही, कारण ते सर्वांस ठाऊक आहे. इंग्रजी अमदानीत भव्य शिंगांच्या हव्यासाने रानम्हशी मारल्या गेल्या. नदीकाठची सपाट, ओलाव्याची, गाळाची जमीन जशी रानम्हशीला हवी तशीच ती शेतकऱ्यालाही हवी. त्या झगड्यात जनावर मागे हटले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत रानम्हशीचा समावेश आहे. तिची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. तरीही फासे लावणे, विजेची तार सोडणे असे प्रकार रानांत अधूनमधून घडतात, आणि डुकरासाठी लावलेली तार समोर कोण आले हे विचारीत नाही.

परंतु केवळ बंदुकीमुळे रानम्हैस संपत आली असे समजणे ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी गोष्ट आपल्या गोठ्यापाशी येऊन थांबते, आणि म्हणूनच ती शाळेत सांगण्यासारखी आहे.

दुसरे कारण रोगराई. बुळकांडी हा शब्द आजच्या तरुण शिक्षकांस कदाचित ठाऊक नसेल. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारून पाहावे. या रोगाने गावेच्या गावे गुरांवाचून उजाड होत. त्यावर संशोधन करण्यासाठी १८८९ साली पुण्यास एक प्रयोगशाळा स्थापन झाली आणि १८९३ साली ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. गावोगाव लसी टोचीत टोचीत अखेर आपल्या देशातून हा रोग हद्दपार झाला, आणि २०११ साली साऱ्या जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. परंतु तोपर्यंत गुरांकडून रानातल्या खुरवाल्या जनावरांकडे जाऊन या रोगाने जी हानी करावयाची ती केली होती. १९६८ च्या सुमारास दक्षिणेकडील बंडीपूर-मुदुमलाईच्या रानांत बुळकांडीने गव्यांचे कळप कसे झोपविले, याची नोंद आहे. मध्य भारतातील रानम्हशींच्या ऱ्हासासही हा रोग मोठ्या प्रमाणात कारण झाला.

बुळकांडी गेली, तिची भावंडे मात्र अद्याप आहेत. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, फाशी ही नावे आपल्या गावांना अनोळखी नाहीत. आपली गुरे रानात चरावयास जातात, त्याच पाणवठ्यावर पाणी पितात, त्याच डबक्यात बसतात. रोगी म्हैस सकाळी ज्या डबक्यातून उठली, त्यात संध्याकाळी रानम्हैस येऊन बसली, तर तिला लस कोण टोचणार? आपल्या जनावराला ताप आला की आपण डॉक्टरांना बोलावतो. रानातले जनावर कोठे पडले हेही कळत नाही.

रोग किती थोड्या वेळात किती मोठा घात करू शकतो, याचे एक उदाहरण दूरदेशचे आहे, पण सांगण्यासारखे आहे. कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत सायगा नावाचे हरणासारखे प्राणी राहतात. २०१५ च्या मे महिन्यात अवघ्या काही आठवड्यांत तेथे दोन लाखांहून अधिक सायगा मेले. तपासाअंती आढळले ते घटसर्पाचे जंतू. हे जंतू गुरांकडून आले नव्हते. ते त्या प्राण्यांच्या शरीरात आधीपासून निरुपद्रवीपणे राहत होते आणि त्या वर्षीच्या असाधारण उष्ण व दमट हवेत एकाएकी मारक ठरले. तेथे लाखांनी जनावरे होती, म्हणून मागे काही उरली, आणि पुढील काही वर्षांत त्यांची संख्या पुन्हा भरभर वाढली. सायगाच्या मादीला बहुधा जुळे होते. आपल्याकडे मोजकी जनावरे, आणि मादीला एकच पारडू. अशा कळपात रोग शिरला, तर मागे काय उरेल?

तिसरे कारण रक्ताची सरमिसळ. रानम्हैस आणि गावम्हैस यांचा संकर सहज होतो व संकरित पारडेही पुढे प्रजा निर्माण करते. रानातील माद्या कमी झाल्या की रानरेडा गावच्या म्हशींमागे येतो. दांडग्या रेड्यापासून वेत मिळाले म्हणून मालकास आनंदच होतो. आसामात व नेपाळात तर पशुपालक ही गोष्ट मुद्दाम घडू देत आले आहेत. उलट बाजूने, रानात मोकळा सोडलेला गावचा रेडा रानम्हशींच्या कळपात शिरतो. दोन-चार पिढ्यांत जनावरे दिसावयास काळी, शिंगाळू, रानटीच राहतात. परंतु मूळ वाण त्यांतून निघून गेलेले असते. येथे कोणी मेले नाही, कोणी मारले नाही, तरी रानम्हैस संपली.

चौथे कारण गवत आणि आग. रानम्हैस मुख्यत्वे गवतावर जगते. त्याच गवतावर गावचीही गुरे जगतात. उन्हाळ्यात पाणवठे आटून दोन-चारच उरले म्हणजे सारी जनावरे त्यांभोवती गोळा होतात. घाणेरी व रानमोडी यांसारख्या परक्या झुडपांनी आपल्या रानांतील मोकळी कुरणे व्यापली आहेत. ती कोणतेच जनावर आवडीने खात नाही. त्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात, तेंदूची नवी पाने फुटावीत म्हणून आग लावतात, आणि ती आग झाडाखालीच थांबते असे नाही. ऐन टंचाईच्या दिवसांत उरलासुरला चारा त्यात जळतो.

पाचवे कारण, संख्याच अल्प असणे. उदंती येथील हकीकत या बाबतीत बोलकी आहे. छत्तीसगडाने रानम्हशीला आपल्या राज्याचा मानाचा प्राणी ठरविले आहे. तरीही उदंतीत अशी वेळ आली की, वेत देऊ शकणारी शुद्ध रानमादी म्हणून 'आशा' नावाची एकच उरली, बाकीचे नर. तिला कुंपणात जपून ठेवले, तर तिला पुन्हा पुन्हा नर पारडेच होऊ लागले. अखेर कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत तिच्या शरीरातील पेशींपासून प्रतिरूप जन्मास घालण्याचा प्रयत्न झाला. १२ डिसेंबर २०१४ रोजी गावम्हशीच्या पोटी जन्मलेल्या त्या पारडीचे नाव 'दीपआशा' ठेवण्यात आले. शास्त्रज्ञांच्या कौशल्याचे कौतुक करावे तेवढे थोडे; तथापि एका प्रतिरूपाने कळप उभा राहत नाही. नंतर २०२० साली आसामातील मानसहून एक नर व एक मादी, आणि २०२३ साली आणखी चार माद्या एवढ्या लांबच्या प्रवासाने छत्तीसगडातील बारनवापारा येथे आणाव्या लागल्या. कळपातील जनावरे अमुक एका संख्येच्या खाली गेली म्हणजे नर-मादीचे प्रमाण बिघडते, जवळच्या रक्तसंबंधात वेते होतात, आणि एक साथ, एक पूर, एक वणवा एवढाही शेवट करण्यास पुरेसा होतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देतो. आपण धानाच्या प्रदेशात राहणारी माणसे. शेतकरी बियाण्याचे धान वेगळे राखतो. वर्ष कितीही कठीण आले तरी ते कांडून खात नाही आणि त्यात दुसरे वाण मिसळू देत नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना आपल्या शेतात नेहमीपेक्षा निराळ्या दिसणाऱ्या थोड्याशा लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून जपल्या, वर्षामागून वर्ष पेरून पाहिल्या, आणि त्यातून एच.एम.टी. हे धानाचे वाण तयार झाले. त्या लोंब्या इतर धानात मिसळून गेल्या असत्या, तर ते वाण आपणांस कधी मिळालेच नसते.

रानम्हैस हे आपल्या सर्व म्हशींचे मूळ बियाणे आहे. गावच्या म्हशीत आपण दुधासाठी, कामासाठी, शांत स्वभावासाठी निवड करीत आलो. या निवडीत जे गुण मागे पडले ते रानातच शिल्लक आहेत. हवामान बदलत आहे, नवे रोग येत आहेत. २०२२ साली लम्पीने गायीबैलांचे किती हाल केले ते आपण पाहिले. उद्या कोणत्या गुणाची गरज पडेल हे आज सांगता येत नाही. मूळ बियाणे एकदा संपले म्हणजे घरातल्या म्हशींपासून ते पुन्हा तयार करता येत नाही. त्या मुलाला आज मी एवढेच सांगेन: "बाबा, तुझ्या घरी म्हशी आहेत, म्हणूनच जंगलातली राहिली पाहिजे." आणि बियाण्याची गोष्ट सोडली तरीही, जे जनावर आपल्याआधी या नदीकाठी राहत होते, त्याला तेथून कायमचे पुसून टाकण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हा प्रश्न उरतोच.

येथे एक सावधगिरीची सूचना. ज्या गावांविषयी आपण बोलतो ती गरीब आहेत. दोन म्हशी, चार बैल, थोडे धान आणि हंगामात मोह-तेंदू, यांवर त्यांचा संसार चालतो. गुरे रानात नेऊ नका, मोह वेचू नका, असे शाळेने सांगितले, तर मुले वर्गात मान डोलावतील आणि घरी गेल्यावर वडिलांचेच ऐकतील. तेच योग्यही आहे. गावकऱ्यांना दोष देऊन रानम्हैस वाचणार नाही. त्यांचे हित आणि जनावराचे हित जेथे एकत्र येते, तेथेच आपण बोट ठेवावे. सुदैवाने अशा जागा बऱ्याच आहेत.

पहिली जागा लसीकरण. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची राष्ट्रीय मोहीम २०१९ सालापासून सुरू आहे. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचतात. परंतु लस टोचल्याने दूध आटते, गाभण जनावर गाभडते, अशा समजुतीने लोक गुरे रानात लपवितात. एका गावी मी हे स्वतः पाहिले. शिबिराच्या दिवशी टोचणारे बसून राहिले आणि गुरे आली नाहीत. पुढच्या खेपेस तेथील शिक्षकांनी आदल्या दिवशी मुलांकडून घरोघरच्या गुरांची यादी करविली, लस का टोचतात हे वर्गात समजावून सांगितले, आणि सकाळी मुलेच आपापली गुरे घेऊन आली. त्या शिक्षकांनी रानम्हशीचे नावही घेतले नव्हते. परंतु गावाची गुरे निरोगी राहिली म्हणजे रानाच्या वाट्याला रोग जात नाही. म्हणजे एकाच कामात दोन्ही साधले.

दुसरी जागा आग. मोहाच्या झाडाखाली आग लावण्याऐवजी पाचोळा झाडून बाजूस करावा, किंवा झाडाखाली जाळी वा जुनी लुगडी पसरून फुले झेलावीत. फुले स्वच्छ राहिली म्हणजे त्यांना भावही बरा येतो. हा हिशेब मुलांना गणिताच्या तासाला करून दाखविता येईल.

तिसरी जागा अर्ज. वन्य प्राण्यांनी पिकाची नासाडी केली की शासनाकडून नुकसानभरपाई मिळते. परंतु वेळेत अर्ज न गेल्याने ती बुडते, आणि मग राग जनावरावर निघतो. गावात लिहिता येणारा भरवशाचा माणूस म्हणून लोक शिक्षकाकडेच येतात. तो अर्ज आपण वेळेवर लिहून द्यावा. वरच्या वर्गातील मुलांस अर्जलेखनाचा पाठही त्यावरच द्यावा.

चौथी जागा म्हणजे आपला वर्ग. भूगोलात इंद्रावती, गोदावरी शिकविताना त्यांच्या काठचे हे जनावर सांगावे. तक्त्यावर गवा व रानम्हैस शेजारी शेजारी काढून फरक दाखवावा. गणितात एक सत्य उदाहरण द्यावे. नेपाळात कोशी नदीकाठी १९७६ साली राखीव क्षेत्र झाले तेव्हा तेथे ६३ रानम्हशी होत्या. २०१६ च्या गणनेत त्या ४३३ भरल्या. म्हणजे चाळीस वर्षांत जवळजवळ सातपट. मुलांस वार्षिक वाढ काढावयास सांगावी, आणि नंतर विचारावे की आपल्याकडे दहा जनावरे धरली तर चाळीस वर्षांनी किती होतील, आणि मध्ये एक साथ आली तर किती? या हिशेबात वाढ किती सावकाश होते ते मुलांना कळेल, आणि राखले तर जनावर वाढते हेही कळेल. कोशीकाठीही गावची गुरे व सरमिसळ यांचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही, तेही लपवू नये.

मात्र मुलांना जनावर दाखविण्यासाठी म्हणून रानात नेऊ नये. रानम्हैस बलाढ्य व बेभरवशाची असते. पारडू बरोबर असेल तर अधिकच. कोठे जनावर दिसले, मेलेले वा आजारी आढळले, तर जवळ न जाता वनरक्षकास कळवावे, हे मुलांच्या मनावर बिंबवावे. गावातील वृद्धांकडून या जनावराविषयीच्या आठवणी, माडिया बोलीतील नावे, पूर्वी कोठकोठे दिसत असे त्या जागा मुलांनी विचारून लिहून आणल्या, तर तो उत्तम भाषाभ्यास होईल. आणि ही माहिती शिक्षकांनी केंद्रप्रमुखांमार्फत माझ्याकडे पाठवावी, म्हणजे ती एकत्र करून वनविभागास देता येईल.

बंधुभगिनींनो, ज्या बुळकांडीने हजारो वर्षे गुरांचा संहार केला, ती गावोगाव दारोदार फिरणाऱ्या साध्या माणसांच्या हातून संपली. त्या माणसांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. आपलेही काम त्याच जातीचे आहे. कोलामार्काचा कळप केवळ आपल्या शाळांनी वाचेल असे मी म्हणत नाही. त्यासाठी वनखाते, पशुसंवर्धन खाते, दोन्ही राज्यांची सरकारे यांनी आपापले काम केले पाहिजे. परंतु त्या सर्वांचे काम ज्या गावात जाऊन पोहोचावयाचे, त्या गावात आपण आधीपासून उभे आहोत. निदान एवढे तरी करू, की आपल्या तक्त्यावर रानम्हशीच्या नावाखाली यापुढे गव्याचे चित्र राहणार नाही, आणि मागच्या रांगेतून तो प्रश्न आला, तर मी जसा निरुत्तर झालो तसे आपणांपैकी कोणी होणार नाही.